अक्का, धरण किती खाली गेलं?

सोलापुरात उन्हाळा लागला की लोक एकमेकांना दोन आकडे विचारतात. एक पाऱ्याचा आणि एक उजनी धरणाचा. आमच्या दैनिकाच्या कचेरीत हे दोन्ही आकडे माझ्या टेबलावर यायचे, त्यामुळे होळीपासून मृगापर्यंत माझ्या फोनला उसंत नसायची. आता निवृत्त होऊन घरी बसले आहे. आकडे ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येतात आणि माझा फोन वाजलाच तर बहुधा कर्ज हवंय का असं विचारायला. परवा मी त्या कर्जवाल्या मुलीलाच विचारलं, "तुमच्याकडं आज ऊन किती आहे गं?" तिनं फोन ठेवला.

पर्यावरण हा विषय मी मागून घेतलेला नाही. राजकारण, गुन्हे आणि साखर कारखाने पुरुषांत वाटून झाल्यावर जे उरलं ते माझ्याकडं आलं. "झाडं-पक्षी आहेत, बाईंना द्या," असं तेव्हाचे संपादक म्हणाले होते. त्यांना काय कल्पना, पुढं या झाडा-पक्ष्यांतूनच राजकारण, गुन्हे आणि साखर कारखाने असे तिन्ही निघणार होते. ते निघायला लागल्यावर विषय काढून घ्यायचाही प्रयत्न झाला, पण तोवर मी तो घट्ट धरला होता.

हवामानबदल, पर्यावरण धोरण असं म्हटलं की लोकांना वाटतं ही बाई परदेशी परिषदांना जात असणार. मी जास्तीत जास्त पुण्याला गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी या कामाचा अर्थ साधा असतो. धोरण मुंबईत किंवा दिल्लीत ठरतं, त्याचा कागद सोलापुरात येतो, आणि त्याचा अर्थ कुठल्या तरी बांधावर गेल्यावर कळतो. माझं काम म्हणजे तो कागद घेऊन बांधावर जायचं आणि परत येऊन दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. बाकी बैठकीच्या बंद दाराबाहेर बसणं, चहा पिणं, आणि बाहेर येणाऱ्या साहेबाचा चेहरा बघून आत काय झालं असेल ते ताडणं. यात मी बरी होते.

आमच्या वाचकांचंही एक बघा. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत वासराची भाकणूक होते. उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, पाणी असं काय काय ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, बिचकतं की शांत राहतं, यावरून त्या वर्षीचा पाऊस सांगतात. ती बातमी आम्ही पहिल्या पानावर छापायचो आणि हवामान खात्याचा अंदाज पाचव्या. मी एकदा बैठकीत कुरकुर केली, तर संपादक म्हणाले, "बाई, वासराचा खुलासा कधी येत नाही."

पाऱ्याचे फोन संध्याकाळी यायचे. एक निवृत्त मास्तर होते. मे महिन्यात रोज न चुकता भांडायचे. "तुम्ही छापता त्यापेक्षा आमच्या गच्चीवर जास्त होतं." मी त्यांना समजावून सांगायची की सरकारी तापमापक उन्हात टांगत नाहीत, झरोक्याच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवतात, म्हणजे सगळीकडं मोजणं सारखं होतं. एके दिवशी त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरोबर आहे तुमचं. पण त्या पेटीत राहतं कोण?" मास्तरांचा मुद्दा बरोबर होता. लोक ज्या घरांत राहतात त्या घरांच्या आत किती ताप असतो हे कुणी मोजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार-पाच तापमापक विकत घेतले आणि कुंभारीची बस पकडली. तिथं विडी कामगारांची वस्ती आहे. एकाला लागून एक सिमेंटची घरं आणि घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. विडीची पानं वाऱ्यानं वाळतात, तंबाखू उडते, म्हणून पंखासुद्धा लावता येत नाही.

तिथं मला शालन भेटली.

माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. बोटं चालू आणि तोंडही चालू. शेजारणीशी तेलुगू, नवऱ्याशी मराठी, आणि चटका बसला की कानडी. मी तिच्या भिंतीला तापमापक टांगत होते तेव्हा ती वर न बघताच म्हणाली, "अक्का, पेपरात धरणाचं तुमीच लिवता न्हव?"

म्हटलं, "हो."

"मग सांगा की, धरण किती खाली गेलं?"

मला वाटलं हिला नळाची काळजी. धरण आटलं की तिच्या वस्तीतला पाण्याचा दिवस आणखी पुढं जायचा. मी धीर दिला, घाबरू नकोस, पावसापर्यंत पाणी पुरेल.

"तसं न्हवं," ती म्हणाली. "आनकी किती खाली जाईल?"

तिच्या विचारण्यात काळजी नव्हती, आशा होती. अख्ख्या जिल्ह्यात धरण खाली जावं म्हणून डोळे लावून बसलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

शालन मूळची करमाळा तालुक्यातली. भीमेच्या अगदी काठावर तिचं गाव होतं. ती शाळेत जायला लागली तेव्हा आई तापानं गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत धरणाचं पाणी चढायला लागलं. घर लिंगायतांचं. लिंगायतांत दहन करत नाहीत, माणसाला मातीत बसवतात. वडिलांनी आईला आपल्या मळ्यात, विहिरीजवळ बसवलं. समाधी बांधायची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी घरातला पाटा उचलला आणि खुणेला तिच्या डोक्याशी उभा पुरला. तिच्या हाताखालचा दगड दुसरीच्या हाताखाली नको, असं ते म्हणाले होते.

"अव्वा वाटायची, मी पाणी शिपडायची," शालन आईचं सांगायची. "तेवडंच काम मला जमायचं. जास्त शिपडलं तर वरडायची, कमी शिपडलं तरी वरडायची. एकडाव वरवंटा माज्या हातनं पडला आन पाट्याचा कोपरा गेला. लई मारलं मला. त्येच्यावर चार-आट दिसांनी तिला ताप आला."

पाटा तिथं राहिला आणि वरवंटा घरी. गाव उठलं, तेव्हा भांड्याकुंड्यांच्या गाडीत वरवंटा चढला. पुढं लग्नात ती तो घेऊन कुंभारीला आली. लोकांच्या लेकी माहेराहून ओटीत नारळ-तांदूळ घेऊन येतात, ही दगड घेऊन आली, असं सासू शेवटपर्यंत बोलायची. शालनची माहेरची ओटी कधी कुणी भरलीच नाही. माहेरी आई नाही, आणि माहेरच पाण्याखाली.

आता धरणाचं गणित सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. धरणाच्या तळाशी काही पाणी असं असतं की ते दारातून आपोआप कालव्यात जात नाही. त्याला मृतसाठा म्हणतात. पाणी त्या रेषेच्या खाली गेलं की आम्ही 'उजनी उणे' असं छापतो. शाळेतली मुलं पत्र लिहून विचारायची, पाणी शून्यापेक्षा कमी कसं असेल? मी उत्तर द्यायची, पाणी संपलेलं नाही, बियाण्याला राखलेली ज्वारी दळायला काढलीय, एवढंच. आणि जसजसं पाणी उतरतं, तसतशी बुडालेली गावं वर येतात. आधी उंचावरच्या देवळाचं शिखर, मग शाळेचा पाया, मग वेस. सगळ्यात शेवटी नदीकाठचे मळे. शालनच्या आईचा मळा सगळ्यांत खालचा. बाकीच्यांची गावं चार-दोन वर्षांनी दिसायची, त्यांचे लोक जाऊन नारळ फोडून यायचे. हिला फार मोठा दुष्काळ लागणार होता.

त्या दिवसापासून दर उन्हाळ्यात शालनचा फोन ठरलेला. "अक्का, धरण किती खाली गेलं?" बाकीचे फोन आकडा ऐकून हळहळायचे. ही आकडा ऐकून म्हणायची, "आनकी जाईल की." एकदा नळावरच्या रांगेत तिच्या तोंडून हे निघालं, तर बायका घागरी घेऊन तिच्या अंगावर धावल्या. तिनं मला हसत हसत सांगितलं, पण पुढचे काही दिवस ती पाण्याला दुपारी, रांग ओसरल्यावर जात होती.

कधी वळीव आधी आला. कधी पाणी पुरेसं उतरलं, तर नेमकी टाळेबंदी. एका वर्षी नवऱ्याचं ऑपरेशन. पाऊस आला की सगळं शहर सुखावायचं आणि शालनचा फोन बंद व्हायचा, तो थेट पुढच्या शिमग्याला. मला मात्र पाऊस पडला की तिचीच आठवण यायची. खरं सांगायचं तर धरण उतरायची वाट बघणाऱ्या आम्ही दोघी होतो. भरलेल्या धरणाची बातमी एक दिवस चालते, आटलेल्या धरणाची चार महिने. सगळा जिल्हा काळजीत असायचा आणि माझी बातमी पहिल्या पानावर. या धंद्यात हे असंच असतं, पण ते अंगाला लावून घ्यायचं नाही म्हटलं तरी लागतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी धरण खरोखरच उतरलं. मागच्या पावसात भरलंच नव्हतं, त्यात उसाला कालव्यातून पाण्याची आवर्तनं दिलेली. थंडी सरते न सरते तोच उणे. मे महिन्यात पाटबंधारे खात्यातल्या एका ओळखीच्या कारकुनानं सांगितलं, "बाई, जुनी माणसं म्हणतात ते मळे उघडे पडलेत. फोटोला जायचं तर आत्ताच." आणि जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच पट्ट्यात महिन्या-दीड महिन्यापासून गाळ काढायचं काम चालू होतं.

गाळ काढायचं धोरण मला पटलेलं. त्याच्या बाजूनं मी कितीतरी लिहिलंय. धरणातला गाळ काढला की धरणात जागा होते आणि तो शेतात पसरला की माळरानावरही पीक येतं. एका कामात दोन फायदे. आता त्याच धोरणाची यंत्रं शालनच्या आईच्या डोक्यावर उभी होती. कागद घेऊन बांधावर जायचं म्हणतात ते हे.

मीच तिला फोन केला. असं पहिल्यांदाच होत होतं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "जेसीबी मळ्यात शिरला तर अव्वा कुटं घावायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही जेऊरला निघालो. शालननं लग्नातलं इरकल नेसलेलं. हातात एक कापडी पिशवी. मी तिला मदत म्हणून ती उचलायला गेले आणि हात खालीच राहिला.

"यात काय दगड भरलेस काय गं?"

"व्हय," ती म्हणाली. "वरवंटा हाय. जोड मोडून ऱ्हायलीया. तिच्यापशी ठिवून येते."

जेऊरहून जीप केली. पुढं गाडी जाईना, तिथून चालत. ज्यांनी आटलेलं धरण पाहिलं नाही त्यांना सांगते, तिथं पहिल्यांदा जाणवते ती शांतता. दूरवर पाण्याची एक पट्टी, तिच्यावर पक्षी, आणि मधे नुसता भेगाळलेला गाळ. पायाखाली शिंपले मोडतात. कुठं फाटकं जाळं, कुठं घरांचे पाये. गावात कुणी नाही, आणि तरी शालन गल्ली सोडून चालत नव्हती. भिंत नसलेल्या जागी ती वळसा घालायची. "हितं वेस. हितं मारुती. हितं गुजराचं दुकान, त्यो उधार देयाचा न्हाय." मी मागं मागं. मला नुसता चिखल दिसत होता, तिला रहदारी दिसत होती.

मळ्याची खूण म्हणजे विहिरीचं थारोळं. मोटेचं पाणी जिथं पडायचं ते दगडी कुंड. ते शाबूत होतं. तिनं त्याला हात लावला, पदर खोचला आणि झपाझपा पुढं गेली. आणि थांबली.

पुढं खड्डा होता. चांगला मोठा. एका कडेला जेसीबी उभा, दुसऱ्या कडेला ट्रॉल्यांची चाकोरी. गाळाचा थर काढून यंत्राची बादली खालच्या काळ्या मातीत शिरली होती. शालन खड्ड्याच्या तोंडाशी उकिडवी बसली. रडली नाही. पिशवी मांडीवर घेऊन नुसती बसली.

जेसीबीवाला सावलीतून उठून आला. करमाळ्याकडचाच माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, वयानं आमच्याच आसपास. "बाई, हितं बसू नगा. ट्रॉल्या फिरत्यात." मग तिच्याकडं बघून त्याचा आवाज उतरला. "तुमचं रान हुतं व्हय?"

शालननं मान हलवली. म्हणाली, "हितं एक दगुड हुता. उभा. दिसला का कुटं?"

"दगुड न्हाय बाई. हितं देवी निघाली."

तो सांगायला लागला. बादली कशाला तरी लागून वाजली. उतरून बघतोय तर मातीत उभी शिळा, गुळगुळीत, अंगावर बारीक बारीक खुणा. मातीत इतकी नीट उभी शिळा साधी असती का? त्यानं हात जोडले. मशीन सुरू करायला गेला तर मशीन सुरू होईना. नारळ फोडला, मग झालं. त्या दिवशी काम बंद ठेवून त्यानं ती ट्रॉलीत पोत्यावर निजवून वर काठावर नेली, शेंदूर लावला. गाळात सापडली म्हणून गाळाई. "लई कडक हाय," तो म्हणाला. "दर मंगळवारी बाया येत्यात. माज्या मशीनला तवापास्नं काय झालं न्हाय."

तो खरंच मनापासून सांगत होता. यंत्रावर काम करणारे हे लोक खोदताना काही वेगळा दगड लागला की फोडत नाहीत, वर नेऊन ठेवतात आणि शेंदूर लावतात. धरणाच्या काठानं चालत गेलं तर असे किती तरी देव बसलेले दिसतील. त्यात कुणाची जोती असतील, कुणाचे उंबरे. मिक्सर आल्यापासून पाटा लोकांच्या नजरेआड गेला, त्यात हा मातीत उभा पुरलेला. वाटण नीट व्हावं म्हणून पाट्याला टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, पाडलेल्या खुणा त्याला देवीच्या अंगावरच्या वाटल्या तर त्यात नवल नाही.

शालननं मातीची चिमूट पदराला बांधली. आम्ही वर गेलो.

काठावर, धरण पूर्ण भरलं तरी पाणी जिथवर येत नाही अशा जागी एक कडुलिंब होता. त्याच्या बुंध्याशी गाळाई उभी. शेंदराचा जाड थर, हिरवं खणाचं कापड, पुढं बांगड्या, लिंबं, नारळ. एक म्हातारी झाडलोट करत होती. तिचं नाव सोजरबाई. शेजारच्याच वस्तीतली, केळीच्या बागेत कामाला जाणारी. देवीची उस्तवार तिनं आपणहून अंगावर घेतली होती.

शालन पुढं झाली. वाकली. नमस्काराला वाकल्यासारखी, पण तिचा हात पायाशी न जाता वरच्या उजव्या कोपऱ्यावर गेला. शेंदराच्या थराखालून बोटांनी चाचपलं. कोपरा उडालेला होता. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. मथळा आला. 'पाट्याची झाली देवी'. फोटोची चौकटसुद्धा दिसली. डोळ्यांत पाणी आणि डोक्यात मथळा, दोन्ही एकाच वेळी. बातमीदाराचं मन असंच घडलेलं असतं, त्याला इलाज नाही.

शालननं जर म्हटलं असतं की ही तुमची देवी नाही, माझ्या आईचा पाटा आहे, तर? दगड तिचा होता. जीपमधे घालून कुंभारीला नेला असता. पण पुढं बांगड्या होत्या, नारळ होते, कुणीतरी नवसाचा पाळणा बांधला होता. तिनं कोपऱ्यावरचा हात काढला आणि शेंदराची बोटं पदराला पुसली.

सोजरबाईनं झाडू ठेवला. "सवाष्ण हाईस न्हव?"

"व्हय."

"मग पदर कर. हितं आल्याली बाई रिकामी जात न्हाय."

आणि तिनं देवीपुढचा एक नारळ उचलला, ओंजळभर तांदूळ, हळकुंड, खण, आणि देवीच्या अंगाला लावून शालनच्या पदरात घातलं. शालन पदर धरून उभी. इतक्या वर्षांत तिला मी भांडताना पाहिलं होतं, हसताना पाहिलं होतं, विड्या वळता वळता गाणं म्हणताना पाहिलं होतं. रडताना तेव्हा पाहिलं. तिची माहेरची ओटी भरली जात होती, आणि भरणारीला ते ठाऊक नव्हतं असं मी समजत होते.

शालननं डोळे पुसले, पिशवी उघडली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला वरवंटा काढला. मी सोजरबाईकडं बघत होते. आता ती चमकेल, विचारेल, सगळं उघड होईल. ती चमकली नाही. तिनं वरवंटा दोन्ही हातांत घेतला, वजन बघितलं, आणि म्हणाली, "आलीस व्हय. म्या वाट बघत हुते."

"म्हंजी?" शालन म्हणाली.

"पाटा हाय ते मला कळत न्हाय व्हय? जलम गेला पाट्यावर वाटण्यात." तिनं पदरानं वरवंट्यावरची धूळ पुसली. "पर पाटा कुणी उगं उभा पुरत न्हाय बाई. कुणीतरी काळजावर दगुड ठिवून पुरलाय. ह्यो मशीनवाला देवी म्हनला, म्हनलं म्हनू दे. देवी हाय म्हनून तर कुणी फोडला न्हाय, कुणाच्या मोरीत गेला न्हाय. आज ना उद्या लेकरू येईल, म्हनलं."

आपल्याकडं बारशाला बाळ पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला कुंची घालतात आणि बायका तो हातोहात पाळण्याखालून-वरून फिरवतात. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. वरवंटा म्हणजे पाट्याचं लेकरू, हे मलाही ठाऊक होतं, पण मी ते विसरले होते.

"ठेव," सोजरबाई म्हणाली.

शालन क्षणभर अडली. तेवढी एकच वस्तू होती तिच्याकडं. मग तिनं वरवंटा पाट्याच्या पुढ्यात, अगदी अंगाला लावून आडवा निजवला आणि कानडीत म्हणाली, "अव्वा, ना बंदे." अव्वा, मी आले. सोजरबाईला कानडी येत नव्हतं. तिनं देवीच्या अंगावरचं हिरवं कापड काढून वरवंट्यावर पांघरलं.

परतीच्या गाडीत शालन खिडकीशी बसून झोपली. पदरातला नारळ तिनं झोपेतही सोडला नव्हता.

कचेरीत संपादकांनी विचारलं, "काय मिळालं?" हे आताचे संपादक, तरुण, चांगले. मी गाळाची बातमी दिली. कुठं गाळ निघतोय, कुणाच्या शेतात जातोय, कुणाला मिळत नाही. ती आतल्या पानावर लागली. त्यांना ती जरा कोरडी वाटली. "माणसाची गोष्ट नाही का काही?" म्हणाले. म्हटलं, "नाही." इतक्या वर्षांच्या नोकरीत मी खिशात ठेवलेली ही एकच बातमी. छापली असती तर आधी वाहिन्या आल्या असत्या, मग अंधश्रद्धा म्हणणारे, मग चमत्कार म्हणणारे, आणि शेवटी दगड कुठल्या तरी सरकारी खोलीत गेला असता. आज लिहिते आहे, पण गावाचं नाव लिहिणार नाही, आणि त्या दोघींची नावंही बदलली आहेत. शोधायला निघाल तर काठ मोठा आहे आणि शेंदराचे दगड पुष्कळ.

त्याच महिन्यात मी निवृत्त झाले. टेबल आवरलं, तापमापक कचेरीतल्या एका नव्या मुलीला दिले. पहिले काही दिवस संध्याकाळी सवयीनं हात फोनकडं जायचा. कुणी आकडा विचारत नव्हतं. मास्तर तर आदल्या वर्षीच गेले होते. त्यांच्या गच्चीवर किती ताप असेल, असं कधी कधी मनात येतं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. वरून पुण्याकडून पाणी येत राहिलं आणि उजनी भराभर चढली. त्या पाण्याखाली थारोळं गेलं असेल, खड्डा गेला असेल, हे मी घरात बसून मोजत होते. अशाच एका भुरभुरत्या संध्याकाळी फोन वाजला. कर्जवाले असतील म्हणून मी उचलणार नव्हते. शालन होती. पाऊस सुरू झाल्यावर तिचा फोन कधी आला नव्हता.

"अक्का, धरण भरलं का?"

मला आकडा माहीत होता. नोकरी सुटली तरी रोज बघतच होते. म्हटलं, "भरत आलंय गं. का?"

"भरू दे की," ती म्हणाली. "चांगलं काठापतूर येऊ दे. वाटायचं तर पाट्याला पाणी लागतंय न्हव, अक्का."